पनवेलचे सिनेगॉग पाहावयास जाण्यापूर्वी
(संस्थेच्या पालक-शिक्षक मेळाव्यात सहल समितीच्या वतीने केलेल्या भाषणाचा मजकूर)





दरवर्षी सहलीची नोटीस निघते तेव्हा पालकांकडून एकच प्रश्न येतो, तो म्हणजे पैसे किती? यंदा पैशांचा प्रश्न कोणी विचारलाच नाही. सहल पनवेलातच आहे, चालत जावयाचे आहे, खर्च जवळजवळ शून्य. तरी नोटीस घरी गेली आणि दुसऱ्या दिवसापासून चिठ्ठ्या येऊ लागल्या. कारण नोटिशीत लिहिले होते की इयत्ता आठवी व नववीच्या मुलामुलींना आपल्या गावातील बेथ एल सिनेगॉग, म्हणजे यहुदी लोकांचे प्रार्थनामंदिर, दाखवावयास न्यावयाचे आहे. काही चिठ्ठ्या साध्या चौकशीच्या होत्या, काहींत राग होता, आणि एका वडिलांनी तर सरळ विचारले आहे की साऱ्या पनवेलीत मुलांना दाखवावयास तुम्हांला दुसरे काही सापडले नाही काय? अध्यक्ष साहेब म्हणाले, चिठ्ठ्यांना चिठ्ठ्यांनी उत्तर देऊ नका, मेळाव्यात उभे राहून बोला. म्हणून उभा आहे.

प्रथम सापडण्याविषयीच बोलतो. हे सिनेगॉग १८४९ साली बांधले गेले. आपल्या नगरपालिकेची स्थापना १८५२ ची. म्हणजे गावाला पालिका मिळाली त्याच्या तीन वर्षे आधी ही इमारत उभी होती. पनवेल तेव्हा बंदर होते. खाडीतून गलबते येत, घाटावरून बैलगाड्या उतरत. अशा गावात ज्या समाजाने आपले प्रार्थनास्थान पक्के बांधले, तो समाज येथे पाहुणा म्हणून आलेला नव्हता. आज आपली मुले महामार्गावरून येतात, मोबाईलवर साऱ्या जगाची शहरे पाहतात, आणि बाजारपेठेला जाताना ज्या भिंतीजवळून रोज जातात ती भिंत कोणाची हे त्यांना ठाऊक नसते. मी आठवीच्या वर्गात विचारले. कोणी म्हणाले चर्च असावे, कोणी म्हणाले सरकारी कचेरी, आणि एका मुलीने सांगितले की तिची नानी त्याला ‘इस्रायलांची मशीद’ म्हणते.

नानीचे म्हणणे अगदी बरोबर आहे. कोकणातील हे यहुदी स्वतःस बेने इस्रायल म्हणवितात, म्हणजे इस्रायलची लेकरे. इस्रायल हे हजरत याकूब अलैहिस्सलाम यांचे दुसरे नाव. आपल्याकडे कुराण शरीफमध्ये ‘बनी इस्राईल’ हा शब्द ज्यांच्यासाठी येतो, तेच हे नाव. आणि बोली मराठीत ते आपल्या सिनेगॉगला पिढ्यान् पिढ्या ‘मशीद’च म्हणत आले. मुंबईत त्यांचे पहिले सिनेगॉग १७९६ साली बांधले गेले, त्याला ‘जुनी मशीद’ म्हणत, आणि पुढे दुसरे झाले ती ‘नवी मशीद’. आपण लोकलने जाताना मस्जिद बंदर स्टेशन लागते. त्या नावाचा उगम अनेक जण या जुन्या मशिदीशी जोडतात. मी स्वतः लहानपणापासून समजत होतो की ते नाव आपल्या एखाद्या मशिदीवरून पडले असेल.

ते सिनेगॉग बांधणाऱ्या सॅम्युएल दिवेकर यांची हकिकत त्यांच्यात परंपरेने सांगितली जाते, ती विद्यार्थ्यांनी अवश्य ऐकावी. दिवेकर हे कंपनीच्या फौजेत होते. म्हैसूरच्या दुसऱ्या युद्धात ते टिपू सुलतानच्या कैदेत सापडले. कैद्यांना शिक्षा व्हावयाची होती. तेव्हा टिपूच्या आईने ऐकले की हा माणूस बनी इस्राईलपैकी आहे. ज्यांचे नाव आपण कुराणात वाचतो त्यांतला माणूस आपण कधी पाहिला नाही, त्याला मारू नका, असे तिने मुलाला सांगितले म्हणतात. दिवेकर सुटले, मुंबईस परतले आणि केलेल्या नवसाप्रमाणे त्यांनी सिनेगॉग बांधले. त्याचे नाव शाअर हारहमीम, म्हणजे दयेचे दार. ही कथा कागदोपत्री किती टिकेल हा इतिहासकारांचा प्रश्न आहे. पण एका यहुदी घराण्याने आपल्या सुटकेचे श्रेय दोनशे वर्षे एका मुसलमान बाईला देत राहावे, ही गोष्ट तर कागदाशिवायही खरी आहे.

आता हे लोक कोकणात आले कसे? त्यांची परंपरा सांगते की सुमारे दोन हजार वर्षांपूर्वी त्यांचे जहाज अलिबागजवळ नवगावच्या किनाऱ्यावर फुटले. सात पुरुष आणि सात स्त्रिया वाचल्या. बाकीचे समुद्राने दिले तसे किनाऱ्यावर पुरले गेले. वाचलेले लोक आसपासच्या खेड्यांत पांगले, तेलाचे घाणे चालवू लागले, आणि शनिवारी घाणा बंद ठेवीत म्हणून लोक त्यांना ‘शनिवार तेली’ म्हणू लागले. धर्मग्रंथ बुडाले होते, भाषा विसरली गेली होती. उरले ते एवढेच : शनिवारची सुट्टी, आठव्या दिवशी मुलाची सुन्नत, खाण्यातील हराम-हलालचा विचार आणि एक अल्लाह आहे हा कबुलीचा शब्द. पुढे डेव्हिड राहाबी नावाचे गृहस्थ आले, त्यांनी या खुणांवरून त्यांना ओळखले आणि धर्माचे शिक्षण दिले. झिराडकर, राजपूरकर व शापूरकर अशा तीन घराण्यांतील माणसे त्यांनी तयार केली. हे लोक गावोगाव जाऊन लग्ने लावीत, तंटे मिटवीत. त्यांना काय म्हणत असतील? काजी!

झिराडकर, राजपूरकर, दिवेकर, किहीमकर, रोहेकर, पेणकर, नवगावकर. ही नावे ऐकून आपल्या मोहल्ल्याची आठवण होते की नाही? आपणही ‘कर’ आहोत. आपलेही पूर्वज समुद्रमार्गे आले असे आपण सांगतो. अरब प्रवासी मसूदी इसवी सन ९१६ च्या सुमारास चौलला आला तेव्हा तेथे हजारो मुसलमान नांदत होते असे त्याने लिहून ठेवले आहे. ज्या खाडीच्या एका काठावर चौल आहे, त्याच परिसरात रेवदंड्याला बेने इस्रायलांचे १८४२ चे सिनेगॉग आहे. दोघांनीही समुद्राकडे पाठ करून जमिनीकडे तोंड केले आणि मराठी बोलू लागले. आपण नमाज अरबीत पढतो आणि भांडतो मराठीत, ते इबादत हिब्रूत करतात आणि भांडतात मराठीतच. १८४६ साली मुंबईत त्यांचा हगादा, म्हणजे वल्हांडणाच्या रात्री वाचावयाचा ग्रंथ, मराठी भाषांतरासह छापला गेला. कीर्तनाचा ढंग उचलून त्यांनी आपल्या पैगंबरांच्या कथा मराठीत गाइल्या. इस्रायल देशात जाऊन राहिलेल्यांनी तेथेही ‘मायबोली’ नावाचे मराठी नियतकालिक चालविले. आपल्यापैकी किती घरांत आज मराठी नियतकालिक येते, हे विचारून मी कोणाला अडचणीत आणीत नाही.

सणांची नावे तर मुलांनी मुद्दाम लिहून घ्यावीत. जुन्या काळी बेने इस्रायल उपवासाला ‘रोजा’ म्हणत. बैतुल मुकद्दसचे मंदिर उद्ध्वस्त झाले त्या दिवसाचा त्यांचा उपवास म्हणजे ‘बिरड्याचा रोजा’, कारण त्या वेळी वालाचे बिरडे खाण्याची रीत. एलूल महिन्यातील उपवासांना ते चक्क ‘रमजान’ म्हणत. नववर्ष म्हणजे ‘नव्याचा सण’. आणि वर्षातील सर्वांत मोठा उपवास, ज्याला हिब्रूत योम किप्पूर म्हणतात, तो ‘दारफाळणीचा सण’, म्हणजे दार लावून घरात बसण्याचा. हजरत इलियास अलैहिस्सलाम यांना ते एलियाहू हन्नाबी म्हणतात आणि त्यांच्या नावाने मलिदा करतात. पोहे, खोबरे, साखर, सुकामेवा आणि फळे असे ताट असते. मलिदा हा शब्द आपल्या घरातल्या फातेहाच्या ताटालाही आहे, कृती जराशी निराळी एवढेच. अलिबागजवळ खंडाळे गावी एका खडकावर रथाच्या चाकांच्या आणि घोड्याच्या टापांच्या खुणा दाखवितात. एलियाहू तेथून आकाशात गेले अशी त्यांची श्रद्धा आहे. पुढेमागे अलिबागची सहल निघाली तर तेही पाहता येईल, पण ते पुढचे.

आता चिठ्ठ्यांकडे येतो. दोन आक्षेप मुख्य आहेत.

पहिला आक्षेप दीनाविषयी आहे. दुसऱ्या धर्माच्या इबादतगाहमध्ये आमची मुले का न्यावी? प्रश्न योग्य आहे, आणि तो विचारणाऱ्या पालकांविषयी मला आदर आहे. मुले तेथे पाहावयास जात आहेत, प्रार्थना करावयास नाही, हे आधी स्पष्ट करतो. कोणी त्यांना काही म्हणावयास किंवा करावयास सांगणार नाही. सूरह हज्जच्या चाळिसाव्या आयतीत मठ, चर्च, यहुद्यांची प्रार्थनास्थळे आणि मशिदी ही चारही एका दमात येतात, ज्यांत अल्लाहचे नाव पुष्कळ घेतले जाते अशी स्थाने म्हणून. त्या स्थानांपैकी एक स्थान आपल्या गावात आहे. हदीसमध्ये आहे की एक जनाजा जाताना हुजूर सल्लल्लाहु अलैहि वसल्लम उभे राहिले. लोकांनी सांगितले की तो यहुद्याचा आहे. त्यावर त्यांनी, तो जीव नव्हता काय, अशा अर्थाचा प्रतिप्रश्न केला. मी मौलवी नाही, इतिहासाचा शिक्षक आहे. ज्यांच्या मनात शंका उरेल त्यांनी आपल्या इमाम साहेबांना विचारावे आणि मुलाला पाठवावयाचे नसेल तर न पाठवावे. त्या मुलाची गैरहजेरी लागणार नाही, त्याला वर्गात दुसरे काम मिळेल, आणि त्याला कोणी टोचून बोलणार नाही याची हमी माझी.

दुसरा आक्षेप फलस्तीनचा आहे, आणि त्यावर मला अधिक वेळ बोलावयाचे आहे.

ऑक्टोबर २०२३ नंतर गाझातून जी दृश्ये येत राहिली ती आपण सर्वांनी पाहिली. मुलांनीही पाहिली, आपल्याला नको वाटत असतानाही पाहिली. आमच्या शाळेतील मुले मला विचारतात, आणि मी त्यांना गप्प बसा असे सांगत नाही. एका पालकाने लिहिले आहे : “आमची मुले रात्री दुआ करताना रडतात आणि तुम्ही त्यांना यहुद्यांच्या घरी पाहुणचाराला नेता?” हे वाक्य मी दोनदा वाचले. त्या दुःखाला कोणी हात लावू इच्छीत नाही. ते दुःख आपले आहे, ते बोलून दाखविण्याचा हक्कही आपला आहे, आणि सरकारे जे करतात त्याबद्दल सरकारांना जाब विचारलाच पाहिजे.

पण जाब कोणाला? पनवेलच्या सिनेगॉगचे कुलूप उघडणारा माणूस कोणत्याही देशाचा वकील नाही. रणगाड्याचा हुकूम त्याने दिलेला नाही. त्याचे आजोबा-पणजोबा या मातीत आहेत. पालकहो, जरा आठवा. जगात कोठे बाँब फुटला की दुसऱ्या दिवशी कॉलेजात, ऑफिसात, लोकलच्या डब्यात आपल्या मुलांकडे कसे पाहिले जाते? “तुमच्या लोकांनी केले,” असे कोणी बोलून दाखविते, कोणी न बोलता दाखविते. तेव्हा आपण काय म्हणतो? आम्ही पनवेलचे, आमचा त्याच्याशी संबंध काय? हे आपले उत्तर खरे आहे. मग ते उत्तर त्या कुलूप उघडणाऱ्या माणसालाही लागू आहे. माप एकच ठेवावे लागेल. आपल्यासाठी एक शेर आणि शेजाऱ्यासाठी दुसरा, असा बाजार चालत नाही.

आणि बेने इस्रायलांनाही ‘तुम्ही आमचे नव्हे’ हे ऐकावे लागले आहे. १९४८ नंतर त्यांच्यातील बहुसंख्य लोक इस्रायलला गेले. तेथे गेल्यावर काहींना भेदभावाचा असा अनुभव आला की १९५० च्या दशकाच्या सुरुवातीस एका गटाने धरणे धरून भारतात परत पाठवा अशी मागणी केली, आणि ते परत आलेही. पुढे १९६० च्या दशकात तेथील काही धर्मगुरूंनी बेने इस्रायलांशी विवाह लावण्यापूर्वी त्यांच्या पूर्वजांची चौकशी करावी असे ठरविले. तुम्ही खरे यहुदी आहात काय, सिद्ध करा! मोठे आंदोलन झाले. १९६४ मध्ये त्यांना सर्व बाबतीत पूर्ण यहुदी म्हणून मान्यता देण्यात आली. ज्या समाजाने ग्रंथ बुडाले असताना सुन्नत आणि शनिवार सोडला नाही, त्याला कागद मागितला गेला. कागद दाखवा, हा शब्द ऐकून कसे वाटते हे या सभागृहात मी कोणाला समजावून सांगावयास नको.

ज्या वाटेने आपण जावयाचे ती काही नवीन पाडावयाची नाही. मुंबईत मदनपुरा-आग्रीपाड्याकडे, आपल्या वस्तीच्या मधोमध, मागेन हसिदीम हे १९३१ चे सिनेगॉग आहे. तेथे आजही प्रार्थना होते. कलकत्त्याच्या सिनेगॉगांची देखभाल पिढ्यान् पिढ्या मुसलमान कुटुंबे करीत आली, आणि तेथील ज्यू गर्ल्स स्कूलमध्ये आज बहुसंख्य मुली मुसलमान आहेत. १९४२ साली साराजेव्होच्या संग्रहालयात एक जुना हस्तलिखित हगादा जर्मन सेनाधिकारी मागावयास आला, तेव्हा दर्विश कोर्कुत या मुसलमान ग्रंथपालाने तो लपवून वाचविला. २६ नोव्हेंबर २००८ रोजी मुंबईवर हल्ला झाला, नरिमन हाऊसमध्ये यहुदी धर्मगुरू व त्यांची पत्नी मारली गेली. तेव्हा मारल्या गेलेल्या नऊ हल्लेखोरांना आपल्या कबरस्तानात जागा देण्यास मुंबईच्या जामा मशिदीच्या विश्वस्तांनी नकार दिला होता. त्यासाठी त्यांना कोणी सांगावे लागले नव्हते.

मात्र माझे आवडते उदाहरण शाळेचेच आहे, कारण आपली संस्था शिक्षणसंस्था आहे. १८७५ साली हाईम सॅम्युएल केहिमकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मुंबईत आपल्या समाजाच्या मुलांसाठी शाळा काढली. समाज केवढा? काही हजारांचा. श्रीमंत थोडे, बाकीचे कारकून, सुतार, गवंडी, फौजेतले शिपाई. ती शाळा पुढे माझगावची सर एली कदूरी शाळा म्हणून ओळखली गेली. याच शाळेच्या मुख्याध्यापिका म्हणून रिबेका रूबेन यांनी वर्षानुवर्षे काम केले. त्याच समाजातील डॉ. जेरुशा झिराड लंडनहून एम.डी. होऊन आल्या, मुंबईच्या कामा हॉस्पिटलच्या प्रमुख झाल्या आणि १९६६ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. शेवटच्या रांगेत बसलेल्या नववीच्या मुलींनो, झिराड हे गाव अलिबाग तालुक्यात आहे, लंडन तेथून किती दूर होते ते नकाशात पाहा. मुद्दा असा की समाज इस्रायलला गेला, शाळा राहिली, आणि आज त्या शाळेत शिकणारी मुले बहुतांशी मुसलमान आहेत. केहिमकरांनी लावलेल्या झाडाची सावली आपल्या मुलांच्या डोक्यावर आहे. एखादा तास त्यांच्या बांधवांच्या दारी जाऊन सलाम करून येणे हे त्या मानाने काहीच नाही.

आता कामाच्या गोष्टी. त्या मी पालकांबरोबरच वर्गप्रमुखांसाठीही सांगत आहे.

सिनेगॉग हे संग्रहालय नव्हे. तिकीट काढून आत शिरावयाचे ते स्थान नाही. भेट ठरविण्यासाठी तेथील विश्वस्तांना संस्थेच्या लेटरहेडवर पत्र द्यावयाचे, त्यात मुलांची संख्या, सोबतच्या शिक्षकांची नावे, तारीख आणि वेळ, आणि भेटीचा हेतू स्वच्छ लिहावयाचा. त्यांचे उत्तर आल्याशिवाय तारीख पक्की समजू नये. २००८ नंतर राज्यातील सिनेगॉगांभोवती पोलिसांची नजर असते. तेव्हा सोबत येणाऱ्या प्रत्येक मोठ्या माणसाने ओळखपत्र ठेवावे, आणि विचारले तर ते न रुसता दाखवावे. स्थानिक पोलीस ठाण्यालाही एक प्रत द्यावी. चाळीस पोरे टोप्या घालून एकदम दारात उभी राहिली तर पहाऱ्यावरचा शिपाई दचकेल, त्यात त्याचा दोष नाही.

शुक्रवार संध्याकाळ ते शनिवार संध्याकाळ हा त्यांचा शब्बाथ. त्या वेळी जावयाचे नाही. शुक्रवारची दुपार आपल्या जुम्याची. सप्टेंबर-ऑक्टोबरात त्यांचे मोठे सण असतात, तेव्हाही त्रास द्यावयाचा नाही. येथे विद्यार्थ्यांनी एक गंमत लक्षात घ्यावी. त्यांचे महिने आपल्यासारखेच चंद्राचे, पण एकोणीस वर्षांत ते सात अधिक महिने घालतात, म्हणून त्यांचा सण ऋतू सोडीत नाही आणि आपला रमजान सर्व ऋतूंतून फिरून येतो. गणिताच्या सरांनी हे फळ्यावर करून दाखवावे. आम्ही दिवाळीच्या सुट्टीनंतरचा एखादा रविवार किंवा गुरुवार सकाळ सुचविणार आहोत. एका वेळी वीस मुले, दोन तुकड्या. जोहरच्या आत सर्व परत.

पोशाख शाळेचाच. मुलांनी टोपी घालावी, आपली नमाजाची टोपी चालते, कारण तेथेही डोके झाकूनच आत जातात. मुलींची ओढणी आहेच. चपला बाहेर की आत, हे तेथील माणसाला विचारावे व तो सांगेल तसे करावे. फोटो परवानगीशिवाय काढावयाचा नाही. मोबाईल शिक्षकांकडे जमा राहतील, मग परवानगी मिळो वा न मिळो.

आत गेल्यावर पाहावयाचे काय? सिनेगॉगात मूर्ती नसते, चित्र नसते. पश्चिमेच्या भिंतीत एक कपाट असते, त्याला हेखाल म्हणतात. त्यात तौरातच्या गुंडाळ्या ठेवतात, चामड्यावर हाताने लिहिलेल्या. एक अक्षर चुकले तर ती गुंडाळी दुरुस्त होईपर्यंत वाचनातून बाहेर. पश्चिमेस का, तर बैतुल मुकद्दस तिकडे आहे. हिजरतनंतर सुमारे सोळा-सतरा महिने आपलाही किब्ला तोच होता, हे मुलांना दीनियातच्या तासाला शिकविलेले आहे. येथे ते भिंतीत दिसेल. एका मुलाने होकायंत्र आणावे. पनवेलहून मक्का पश्चिमेच्या किंचित उत्तरेला, आणि बैतुल मुकद्दस त्याहून आणखी उत्तरेला आहे. किती अंशांचा फरक पडतो ते भूगोलाच्या वहीत लिहावे. मधोमध उंच कठडा असलेला चौथरा असतो, तो तेबा, तेथून वाचन होते. अखंड तेवणारा दिवा असतो. एलियाहू हन्नाबींसाठी राखलेली खुर्ची असते, तिच्यावर कोणी बसत नाही. तेव्हा आपणही, कितीही दमलो तरी, बसावयाचे नाही. दाराच्या चौकटीला लहानशी डबी असते, तिच्यात वचन लिहिलेला चामड्याचा तुकडा असतो. ते लोक तिला हात लावून आत जातात, आपण नुसते पाहावे. गुंडाळ्यांना कोणीही बोट लावू नये. वुजूशिवाय मुसहफला हात न लावण्याची शिस्त आपल्याला आहे, तेव्हा हे वेगळे सांगण्याची गरज नसावी.

२६ जुलै २००५ च्या महापुरात पनवेल बुडाले. त्या पुराचा तडाखा या वास्तूलाही बसला. मुलांनी याविषयी जरूर विचारावे. खराब झालेल्या गुंडाळ्या यहुदी लोक टाकीत नाहीत, जाळीत नाहीत, माणसाला पुरावे तशा कबरस्तानात पुरतात. आपल्या मशिदीत जीर्ण मुसहफ कसे ठेवतात आणि त्यांचे पुढे काय करतात, ते आधी आपल्या मुअज्जिन साहेबांना विचारून मगच मुलांनी तेथे प्रश्न विचारावा. म्हणजे प्रश्न विचारणाऱ्याजवळ स्वतःचेही काही सांगावयास असेल.

प्रश्नांची यादी आठवडाभर आधी तयार होईल. जहाजाची कथा, घाणे, आडनावे, सण, खाणे, मराठी गाणी, गेलेली माणसे व राहिलेली माणसे यांविषयी विचारावे. आणखी एक प्रश्न आहे, तो मात्र हळुवारपणे विचारावा. त्यांच्याकडे सामुदायिक प्रार्थनेस दहा प्रौढ पुरुष लागतात. आज भारतात बेने इस्रायलांची संख्या अवघी काही हजार, तीही बहुतेक ठाणे-मुंबईकडे. कोकणातील कित्येक सिनेगॉगांत दहा माणसे जमविणे कठीण झाले आहे. ईदच्या दिवशी ज्यांना मशिदीबाहेर रस्त्यापर्यंत सफा लावाव्या लागतात, त्या मुलांनी रिकामी बाके पाहावीत आणि दहावा माणूस कोठून येतो हे विचारावे. गाझाविषयी तेथे विचारावयाचे नाही. त्यासाठी परत आल्यावर वर्गात स्वतंत्र तास ठेवला आहे. त्या तासाला मी स्वतः असेन आणि जे मनात असेल ते बोलता येईल. पालकांपैकी कोणाला त्या तासाला बसावयाचे असेल तर खुर्ची मिळेल.

भेट द्यावयाची म्हणून काय न्यावे, असे एका आईने विचारले आहे. फळे न्यावीत, तीही अखंड. शिजवलेले पदार्थ नकोत, त्यांचे खाण्याचे नियम आहेत. दुरुस्ती निधीची पेटी असेल तर संस्थेच्या वतीने पाकीट टाकले जाईल, मुलांकडून वर्गणी घेतली जाणार नाही. आणि त्यांच्यापैकी कोणाला आपली मशीद व शाळा पाहावयाची इच्छा असेल तर आमंत्रण आम्ही पत्रातच लिहिणार आहोत. त्याबद्दल विश्वस्त मंडळाची मंजुरी कालच मिळाली, अध्यक्ष साहेबांचे मी आभार मानतो.

संमतिपत्रे दरवाजाजवळच्या टेबलावर ठेवली आहेत. आई किंवा वडील, कोणाचीही एक सही पुरे. ज्यांना पाठवावयाचे नाही त्यांनीही ‘नाही’ लिहून द्यावे, म्हणजे संख्या नीट कळेल. पत्र सोमवारी विश्वस्तांकडे जाईल, उत्तर आल्यावर तारीख फलकावर लागेल. ज्या मुलीच्या नानीने ‘इस्रायलांची मशीद’ हा शब्द जपून ठेवला आहे, त्या नानींना आमच्याबरोबर येता येत असेल तर त्यांच्यासाठी रिक्षाची व्यवस्था करू. खुदा हाफिज.